अरण्यांचा वैद्य : सर डीट्रिख ब्रांडिस

जगाच्या इतिहासांत राज्यें जिंकणाऱ्या वीरांचीं चरित्रें पुष्कळ आहेत; उजाड झालेली भूमि पुन्हा हिरवी करण्यासाठीं ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें, अशांचीं चरित्रें मात्र फारशीं कोणी लिहीत नाहीं. रणांगणावरील पराक्रम एका दिवसांत दिसतो; वृक्ष राखणाऱ्याचा पराक्रम दिसण्यास साठ-सत्तर वर्षें लागतात, आणि तोंपर्यंत राखणारा बहुधा या जगांतून निघून गेलेला असतो. पवित्र शास्त्राच्या आरंभींच्या पानांवर असें वर्णन आहे कीं, परमेश्वरानें पहिल्या मनुष्यास बागेंत ठेविलें तें तिची मशागत करण्यासाठीं आणि तिची राखण करण्यासाठीं. या दोन कामांपैकीं पहिलें मनुष्य लवकर शिकला. दुसरें अजूनही तो पुरतें शिकला आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. हें राखणीचें काम आपल्या देशांत शास्त्राच्या आधारें ज्यांनीं सुरू केलें, त्यांत सर डीट्रिख ब्रांडिस यांचें नांव अग्रभागीं आहे. त्यांचें चरित्र, त्यांच्या गुणांसह व त्यांच्या कार्याच्या उणिवांसह, आमच्या विद्यार्थी वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ब्रांडिस यांचा जन्म ता. ३१ मार्च १८२४ रोजीं जर्मनींत ऱ्हाइन नदीच्या कांठीं वसलेल्या बॉन शहरीं झाला. त्यांचे वडील तेथील विद्यापीठांत तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. ग्रीसचे राजे ओटो यांनीं वडिलांस बोलावून घेतल्यामुळें हें कुटुंब कांहीं काळ अथेन्स येथें जाऊन राहिलें. ग्रीस देशाचे डोंगर एके काळीं वनांनीं झांकलेले होते. तीं वनें गेलीं, पावसानें माती वाहून नेली आणि खडक तेवढे उरले. रोगानें झिजलेल्या शरीराच्या हाडांची उपमा तत्त्ववेत्ता प्लेटो यानें त्यांस दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं देऊन ठेविली आहे. ज्या मुलास पुढें अरण्यांची शुश्रूषा करावयाची होती, त्यानें बाळपणींच मरून गेलेल्या अरण्यांचा देश पाहिला, हा योग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. पुढें कोपनहेगन, गॉटिंगेन व बॉन येथें त्यांचें शिक्षण झालें, आणि १८४९ सालीं ते बॉनच्या विद्यापीठांत वनस्पतिशास्त्र शिकवूं लागले.

अशा या शांत अध्यापकाचा हिंदुस्थानाशीं संबंध जडला तो एका मिशनरी घराण्यामुळें. बंगालमधील श्रीरामपूर येथील केरी, मार्शमन व वॉर्ड या तीन मिशनऱ्यांचीं नांवें आमच्या वाचकांस ठाऊक असतीलच. मराठी भाषेचें व्याकरण १८०५ सालीं ज्यांनीं छापून प्रसिद्ध केलें तेच हे केरीसाहेब. आणि वनस्पतिशास्त्राचा त्यांस किती नाद होता हेंही प्रसिद्ध आहे. त्यांचे सहकारी डॉ. जोशुआ मार्शमन यांची कन्या रेचल हिच्याशीं ब्रांडिस यांनीं १८५४ सालीं विवाह केला. रेचलबाई या विधवा होत्या. त्यांचे पहिले यजमान डॉ. व्हॉइट हे श्रीरामपूर येथें शस्त्रवैद्य असून कलकत्त्याच्या आसपासच्या वनस्पतींवर त्यांनीं मोठा ग्रंथ रचिला होता. रेचलबाईंच्या बहिणीचे यजमान म्हणजे सेनापति हॅव्हलॉक. त्यांच्याकडून या तरुण जर्मन पंडिताची माहिती गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसी यांच्या कानीं गेली, आणि बर्मांतील पेगू प्रांताच्या सागवनांचे अधीक्षक म्हणून ब्रांडिस यांची नेमणूक झाली. १८५६ च्या आरंभीं ते कामावर रुजू झाले. तेव्हां त्यांचें वय बत्तिसाच्या आंत होतें.

त्या काळीं सागवानाची काय अवस्था होती, हें येथें सांगितलें पाहिजे. जहाजें बांधण्यास सागासारखें दुसरें लांकूड नाहीं. मलबार किनाऱ्यावरचा जुना साग जहाजांपायीं विरळ झाला होता. १८२६ सालीं टेनासेरीम प्रांत इंग्रजांच्या हातीं येतांच व्यापाऱ्यांच्या कुऱ्हाडी तेथें वळल्या. परवाना घ्यावा, हत्ती लावावे, आणि जें झाड नदीजवळ सांपडेल तें, कोंवळें असो वा जून, पाडावें, असा क्रम चालला. थोड्याच दशकांत तेथील उत्तम सागवनें नासून गेलीं. १८५२ च्या युद्धानंतर पेगू प्रांत कंपनी सरकारच्या ताब्यांत आला, तेव्हां त्याचीही तीच गत होणार हें स्पष्ट दिसत होतें. डलहौसी यांनीं ऑगस्ट १८५५ मध्यें लेख काढून या वनांतील साग सरकारी मालमत्ता ठरविला. परंतु कागदावर हक्क सांगणें निराळें आणि अरण्य वांचविणें निराळें. पेगूच्या डोंगरांत साग किती आहे, कोठें आहे, लहान किती व मोठा किती, याची कोणासच खबर नव्हती. ज्या भांडारांत काय शिल्लक आहे हेंच ठाऊक नाहीं, त्याचा कारभार करावा कसा?

येथें ब्रांडिस यांचा खरा गुण प्रगट झाला. रोगी तपासल्यावांचून औषध देऊं नये, हा वैद्याचा नियम त्यांनीं अरण्यास लाविला. सबंध अरण्यांतील झाडें मोजणें शक्य नव्हतें. म्हणून त्यांनीं एक सोपी युक्ति योजिली. डोंगराच्या धारेनें किंवा रानवाटेनें हत्तीवर बसून जावें, आणि वाटेच्या दोहों बाजूंस ठराविक अंतरापर्यंत जीं सागाचीं झाडें दिसतील तेवढींच मोजावीं. पावसानें व दंवानें कागद भिजून जाई आणि बांबूच्या दाट जाळींतून जातांना लिहिणें अशक्य होई. म्हणून ते चार कांठ्या डाव्या हातांत धरीत व उजव्या हातांत चाकू ठेवीत. प्रत्येक कांठी झाडांच्या एका वर्गाची. झाड दिसलें कीं त्याचा घेर अजमावून त्या वर्गाच्या कांठीवर एक खांच पाडावयाची. सायंकाळीं मुक्कामावर आलें म्हणजे खांचा मोजून वहींत लिहावयाच्या. किती लांब चाललों व किती रुंद पट्टा पाहिला हें ठाऊक असल्यामुळें, त्या पट्ट्यावरून साऱ्या रानाचा अंदाज काढतां येई.

एक हत्ती, एक चाकू व चार कांठ्या, एवढ्या साहित्यावर हें काम झालें. हिंवताप, जळवा, पावसाचा मारा व मार्गांतील एकांत यांची तमा त्यांनीं बाळगिली नाहीं. पुढें आपल्या देशांत ज्या मोठमोठ्या वनमोजण्या झाल्या, आणि आज तज्ज्ञ मंडळी एखाद्या बिघडलेल्या रानाची पाहणी करतांना दोऱ्या लावून पट्टे आंखतात व त्यांतील झाडेंझुडपें मोजतात, त्यांचें मूळ तत्त्व हेंच आहे.

मोजणीनंतर उपचाराची पाळी. सहा फूट किंवा त्याहून अधिक घेराचीं झाडें हा पहिला वर्ग. साडेचार फुटांपासून सहा फुटांपर्यंतचीं हा दुसरा. त्याखालीं आणखी लहान झाडें व रोपें. दुसऱ्या वर्गांतील झाडांस पहिल्या वर्गांत येण्यास सुमारें २४ वर्षें लागतात असें त्यांनीं वाढीवरून अनुमान केलें. तेव्हां नियम आपोआपच निघाला : पहिल्या वर्गांतील झाडांचा चोविसावा हिस्सा दर वर्षीं तोडावा, अधिक नाहीं. एखाद्या रानांत अशीं २४०० झाडें असलीं, तर वर्षास १०० काढावीं. चोवीस वर्षांनीं तीं संपेपर्यंत दुसऱ्या वर्गांतील झाडें मोठीं होऊन त्यांची जागा घेतील. हें गणित आमच्या इयत्ता पांचवीच्या मुलासही समजेल. मुद्दल राखून व्याजावर राहणें, हा जो नियम प्रत्येक शहाणा गृहस्थ आपल्या घरीं पाळतो, तोच ब्रांडिस यांनीं अरण्याच्या कारभारांत आणिला.

यापुढची रीतही ऐकण्यासारखी आहे. ओला साग पाण्यावर तरंगत नाहीं. म्हणून निवडलेल्या झाडाच्या बुंध्याभोंवतीं साल व तिच्याखालचें कोंवळें लांकूड कापून एक कडें पाडीत व तें झाड उभेंच वाळूं देत. दोन-तीन वर्षांनीं तें पाडून हत्तींकडून ओढ्यांत लोटवीत, आणि पावसाळ्याच्या पुराबरोबर ओंडके वाहत वाहत मोठ्या नदीस मिळत. कोणतें झाड घ्यावयाचें ही निवड वनाधिकाऱ्याच्या हातीं राहिल्यामुळें व्यापाऱ्याच्या लोभास आळा बसे. साहजिकच रंगूनचे व्यापारी त्यांच्यावर रुष्ट झाले. त्यांच्या आग्रहापुढें सरकारही पुढें नमलें व कांहीं जंगलें खाजगी कंत्राटदारांस मोकळीं झालीं. ब्रांडिस यांस तें पसंत नव्हतें. तथापि त्यांनीं काम सोडलें नाहीं.

पेगूच्या डोंगरांत करेण लोक राहत. अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनच्या परिश्रमानें यांपैकीं पुष्कळांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारिला, हें वाचकांच्या कानांवर असेलच. हे लोक डोंगरउतारावरचें रान तोडून जाळीत, त्या राखेंत भात पेरीत, आणि एक-दोन पिकें घेऊन दुसरीकडे जात. आपल्या कोंकणांत व सातपुड्यांत अशीच कुमरीची शेती होती. बर्मी भाषेंत डोंगरावरील या शेतास टाँग्या म्हणतात. सरकारी मत असें कीं हे लोक सागाचे शत्रु. त्यांस दंड करावा. ब्रांडिस यांनीं निराळी वाट सुचविली : करेण शेतकऱ्यानें आपल्या भातांतच सागाचें बीं टोंचावें, पिकाबरोबर रोपांची निगा राखावी व जगलेल्या रोपांबद्दल मोबदला घ्यावा. आरंभीं करेण लोकांचा विश्वास बसला नाहीं. परंतु १८६० नंतरच्या दशकांत ही रीत रुजली, आणि बर्मांत सागाच्या विस्तीर्ण लागवडी करेणांच्या हातांनीं उभ्या राहिल्या. ज्यास चोर म्हणून हांकलून द्यावयाचें, त्यासच माळी केलें, ही त्यांत मोठी शोभा. परंतु या नाण्यास दुसरी बाजूही होती. साग वाढला कीं ती जमीन सरकारी राखीव वनांत जाई व करेण शेतकऱ्यास पुढें सरकावें लागे. त्यानें लाविलेली सावली त्याची राहत नसे.

१८६२ सालच्या अखेरीस हिंदुस्थान सरकारनें सर्व देशाच्या वनांविषयीं सल्ला घेण्यास ब्रांडिस यांस बोलाविलें. मुंबई इलाख्यांत डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे १८४७ सालापासून वनरक्षक होते, मद्रासेस डॉ. क्लेगहॉर्न होते, परंतु साऱ्या देशाची अशी एक व्यवस्था नव्हती. १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी धांवली, आणि त्यापुढें रुळांखालीं घालण्याच्या तुळयांसाठीं साग, साल व देवदार यांची अपरिमित तोड चालली. ता. १ एप्रिल १८६४ रोजीं ब्रांडिस हे हिंदुस्थानचे पहिले वनविभाग महानिरीक्षक झाले. याच सुमारास, १८६३ सालीं, त्यांच्या पत्नी रेचलबाई निवर्तल्या होत्या. दुःख मनांत ठेवून त्यांनीं प्रांतोप्रांतीं प्रवास आरंभिला. वनें पाहावीं, लोकांस विचारावें, अहवाल लिहावा, असें हें जिणें १८८३ पर्यंत, म्हणजे एकोणीस वर्षें चाललें.

आतां आम्ही त्या प्रश्नाकडे येतों, ज्याचा निकाल आजही पुरता लागलेला नाहीं : अरण्य कोणाचें? १८६५ सालीं वनांचा पहिला कायदा झाला, पण तो अपुरा वाटूं लागला. बेडन-पॉवेल नांवाच्या अधिकाऱ्याचें म्हणणें असें कीं, ज्यावर लेखी हक्क नाहीं तें सर्व रान सरकारचें समजावें. मद्रास सरकारचें मत याच्या अगदीं उलट. रान गांवकऱ्यांच्या वहिवाटीचें, तें हिसकून घेऊं नये. ब्रांडिस यांनीं मधला मार्ग धरला. मोलाचीं रानें सरकारनें राखावींत, परंतु लोकांचे हक्क नीट चौकशी करून नोंदवावे, आणि प्रत्येक गांवास त्याचें स्वतःचें असें रान असावें, ज्यांतून जळण, चारा व शेतीचीं अवजारें मिळतील, असें त्यांचें मत होतें. १८७८ च्या कायद्यांत राखीव, संरक्षित व ग्रामवन असे तीन प्रकार आले. पुढें घडलें तें असें कीं, पहिले दोन वाढत गेले आणि तिसरा बहुतेक कागदावरच राहिला.

याचा चटका आपल्या महाराष्ट्रास बसला. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें या कायद्याविरुद्ध सरकारकडे गाऱ्हाणें नेलें. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८३ सालच्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथांत वनखात्यावर कडक कोरडा ओढला. गांवचीं गायरानें सरकारी रानांत गेल्यामुळें गरीब कुणब्यानें आपलीं गुरें चारावीं तरी कोठें, हा त्यांचा प्रश्न. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत असंतोष इतका वाढला कीं, १८८५ सालीं मुंबई सरकारास चौकशी-मंडळ नेमावें लागलें. ब्रांडिस यांचा हेतु गरिबास नाडण्याचा नव्हता; पण ज्या खात्याची उभारणी त्यांनीं केली, त्याच्या हातून तें घडलें, हें सत्य झांकून चरित्र लिहिणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. चांगल्या मनुष्याची योजना जेव्हां दुबळ्याच्या झोपडीपर्यंत पोहोंचते, तेव्हां तिचें रूप काय होतें, हेंही पाहिलें पाहिजे.

दुसरी एक गोष्ट वणव्यांची. वणव्यानें रोपें जळतात, म्हणून वणवे बंद करण्याकडे वनखात्याचा फार कटाक्ष होता. मध्यप्रांतांतील बोरीच्या रानांत कॅप्टन पिअर्सन यांनीं १८६४ च्या सुमारास तो प्रयोग यशस्वी करून दाखविला. तीच रीत बर्मांतील ओलसर सागवनांस लाविली, तेव्हां मात्र बांबू व इतर झाडोरा माजून सागाच्या रोपास उजेड मिळेना. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथील अधिकाऱ्यांनीं हें ओळखून तो नियम सैल केला. एका रोग्यास लागू पडलेलें औषध दुसऱ्यास लागू पडतेंच असें नाहीं. आणि तपासणी एकदा करून भागत नाहीं, ती पुन्हा पुन्हा करावी लागते.

ब्रांडिस यांच्या थोर कामांत शिक्षणाचें काम आम्ही विशेष मानतों. १८७८ सालीं देहरादून येथें वनविद्यालय निघालें, तें त्यांच्याच प्रयत्नांचें फळ. १८९७ सालीं त्यांनीं एक पुस्तिका लिहून वनखात्यांतील वरच्या जागा हिंदी लोकांस द्याव्या असें स्पष्ट प्रतिपादन केलें. त्या काळीं इंग्रज अधिकाऱ्यांत असें बोलणारे थोडे होते. या देशच्या लोकांस वनें राखतां येत नाहींत, हें त्यांस मान्य नव्हतें. देवाच्या नांवानें राखलेलीं रानें त्यांनीं देशाच्या अनेक भागांत पाहिलीं होतीं व त्यांची वाखाणणी केली होती. आपल्या सह्याद्रींतील देवराया याच जातीच्या. जेथें शिपाई नाहीं, कुंपण नाहीं, तेथें केवळ श्रद्धेनें शेंकडों वर्षांचे वृक्ष उभे राहतात, ही गोष्ट परधर्मी मनुष्यानेंही आदरानें पाहावी अशीच आहे.

१८८३ सालीं निवृत्त होऊन ते बॉनला परतले. पण विसावा त्यांच्या स्वभावांत नव्हता. इंग्लंडांतून निवडलेल्या तरुण वनाधिकाऱ्यांस ते जर्मनीचीं रानें हिंडून दाखवीत. अमेरिकेच्या वनखात्याचे पुढें पहिले मुख्य झालेले गिफर्ड पिंशो हे त्यांच्याच सल्ल्यानें शिकले. रॉयल सोसायटीनें १८७५ सालीं त्यांस सभासद करून घेतलें होतें. १८८७ सालीं त्यांस सर ही पदवी मिळाली. वृद्धापकाळीं लंडनजवळील क्यू येथील वनस्पतिसंग्रहांत बसून त्यांनीं हिंदुस्थानच्या वृक्षांवर आपला मोठा ग्रंथ तयार केला. तो १९०६ सालीं प्रसिद्ध झाला; तेव्हां त्यांचें वय ८२ वर्षांचें होतें. पुढच्याच वर्षीं, ता. २८ मे १९०७ रोजीं, बॉन येथें त्यांनीं देह ठेविला.

त्यांनीं सुचविलेलीं पण मागें पडलेलीं ग्रामवनें पुढें निराळ्या रूपानें डोकें वर काढितीं झालीं. २००६ सालीं वनहक्कांचा कायदा झाला, आणि आपल्या गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गोंडांच्या गांवास २००९ सालीं आपल्या रानावर सामूहिक हक्क मिळाला. राखणारा व खाणारा हे दोघे एकच असले म्हणजे रान टिकतें, ही गोष्ट सव्वाशें वर्षें वाट पाहून पुन्हा प्रकाशांत आली.

विद्यार्थी मित्रहो, ब्रांडिस यांच्या चरित्रापासून घ्यावयाचा बोध लांबलचक नाहीं. हळहळ वाटणें सोपें आहे. मोजणें कठीण आहे. तुमच्या गांवची टेकडी उघडी पडली असें सर्वच म्हणतात. पण तिच्यावर किती झाडें आहेत, कोणत्या जातीचीं, किती घेराचीं, आणि खालून नवीं रोपें येतात कीं नाहीं, हें कोणीं लिहून ठेविलें आहे काय? सुटीच्या दिवशीं एक दोरी व एक वही घेऊन तुम्हांस हें करतां येईल. छातीइतक्या उंचीवर दोरी गुंडाळावी, घेर लिहावा, आणि दोन वर्षांनीं पुन्हा जावें. त्याबरोबर हेंही विचारावें कीं, या टेकडीवरून कोणाच्या घरची चूल पेटते व कोणाचीं गुरें तिच्यावर जगतात. कारण त्या मनुष्यांस वगळून केलेली राखण फार दिवस टिकत नाहीं. आम्ही या पृथ्वीचे मालक नसून कारभारी आहों, आणि कारभाऱ्यास एक दिवस हिशेब द्यावा लागतो. तो देतांना आपल्या हातांतील कांठीवर कांहीं खांचा असाव्या, एवढीच आमची इच्छा आहे.